माइकच्या आधी खोली : घरच्या घरी, कमी खर्चात आवाजाचे चांगले ध्वनिमुद्रण

घरी आवाज ध्वनिमुद्रित करायचा म्हटले की पहिला प्रश्न हमखास येतो तो ‘माइक कोणता घ्यावा’ हा. माझ्या मते हा प्रश्न चौथ्या-पाचव्या क्रमांकावर यायला हवा. घरगुती ध्वनिमुद्रण कच्चे का वाटते याची कारणे शोधायला बसले, तर बहुतेक वेळा आवाज पोकळ आणि घुमल्यासारखा येतो, मागे सतत काहीतरी घुमघुमत असते, जोरात बोललेले शब्द फाटतात, किंवा एक वाक्य मोठे आणि दुसरे पुटपुटल्यासारखे ऐकू येते. यांपैकी एकही दोष महागडा माइक विकत घेतल्याने जात नाही. उलट चांगला माइक हे सगळे अधिक बारकाईने टिपतो. म्हणून या लेखातील क्रम असा आहे : आधी शांतता, मग खोली, मग तोंड आणि माइक यांतील अंतर, आणि त्यानंतरच उपकरणे व संपादन.

खोली निवडणे

घरातील कोणती खोली वापरायची हे डोळ्यांनी नव्हे, कानांनी ठरवावे. प्रत्येक खोलीच्या मध्यभागी उभे राहून एक जोरदार टाळी वाजवावी. टाळी वाजली आणि संपली, तर खोली कामाची आहे. टाळीनंतर क्षणभर धातूसारखा ‘टर्र’ असा थरथरता आवाज आला, तर समोरासमोरच्या दोन मोकळ्या भिंती ध्वनी एकमेकींकडे टोलवत आहेत असे समजावे. न्हाणीघर, स्वयंपाकघर आणि मोकळी बैठकीची खोली या परीक्षेत सहसा नापास होतात, कारण फरशी, काच आणि उघड्या भिंती ध्वनी शोषत नाहीत. गादी, पडदे, कपडे आणि पुस्तके यांनी भरलेली झोपण्याची खोली बहुतेक घरांत सर्वांत चांगली ठरते. कपड्यांनी गच्च भरलेल्या कपाटाची दारे उघडून, त्याच्याकडे पाठ करून बसणे हा तर फुकटात मिळणारा स्टुडिओच आहे.

खोली ठरली की तिथली शांतता तपासावी. आपला मेंदू सततचे आवाज गाळून टाकतो, त्यामुळे ‘इथे तर काहीच आवाज नाही’ या स्वतःच्या मतावर विश्वास ठेवू नये. एक मिनिट काहीही न बोलता ध्वनिमुद्रण करावे आणि ते हेडफोनवर, आवाज चढवून ऐकावे. पंखा, फ्रिज, संगणकाचा पंखा, भिंतीवरचे घड्याळ, जुन्या नळीच्या दिव्याचा चोक, चार्जरची बारीक शिट्टी असे एकेक पाहुणे तेव्हा ओळखू येतात. जे बंद करता येईल ते बंद करावे, जे हलवता येईल ते दुसऱ्या खोलीत न्यावे. फ्रिज बंद केला असेल, तर तो पुन्हा सुरू करण्याची आठवण म्हणून घराची किल्ली त्याच्यावर ठेवून द्यावी. रस्त्याचा किंवा शेजारचा आवाज बंद करता येत नाही. तिथे दिवसाची वेळ बदलणे एवढाच स्वस्त उपाय आहे.

इथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. खोलीतला घुमारा कमी करणे आणि बाहेरचा आवाज आत येऊ न देणे ही दोन पूर्णपणे वेगळी कामे आहेत. पहिले काम मऊ, जाड, सच्छिद्र वस्तूंनी होते. दुसऱ्यासाठी वजनदार भिंती आणि फट नसलेली दारे-खिडक्या लागतात. भिंतीवर फोम चिकटवल्याने शेजारच्यांचा दूरचित्रवाणी संच ऐकू येणे थांबत नाही. दाराखालच्या फटीत गुंडाळलेला जाड टॉवेल ठेवणे, खिडकी नीट लावणे आणि तिच्यावर जड पडदा ओढणे एवढेच आपल्या हाती असते, आणि तेवढ्यानेही बराच फरक पडतो. अंड्यांचे ट्रे भिंतीवर लावण्याचा सल्ला मात्र सरळ विसरून जावा : तो पातळ पुठ्ठा बोलण्याच्या ध्वनीतील फारच थोडा भाग शोषतो, आणि पेट चटकन घेतो.

खोलीला मऊ करणे

रजई, गोधडी, जाड ब्लँकेट, गालिचा, गादी यांचा उपयोग नेमका कुठे करायचा हे समजले, तर थोड्या सामानात काम भागते. बहुतेक माइक समोरून जास्त आणि पाठीमागून कमी ऐकतात. बोलणारा माइकसमोर बसतो, म्हणजे माइकचे तोंड बोलणाऱ्याकडे आणि त्याच्या पाठीमागच्या भिंतीकडे असते. साहजिकच पहिली रजई बोलणाऱ्याच्या पाठीमागे टांगायला हवी. अनेक जण ती माइकच्या मागे लावतात आणि फरक पडला नाही म्हणून वैतागतात. दुसरी आणि तिसरी रजई डाव्या-उजव्या बाजूला लावावी. कपडे वाळत घालायचा उभा स्टँड किंवा दोन उंच पाठीच्या खुर्च्या यांवर ती सहज टांगता येते. खाली फरशी असेल तर पायाखाली गालिचा किंवा दुहेरी चादर अंथरावी.

जाडीचे महत्त्व कमी लेखू नये. ध्वनीचा वेग सुमारे ३४३ मीटर प्रति सेकंद असतो, त्यामुळे १०० हर्ट्झच्या खर्जातील ध्वनीची तरंगलांबी जवळजवळ साडेतीन मीटर भरते, तर ५,००० हर्ट्झच्या ध्वनीची जेमतेम सात सेंटिमीटर. पातळ चादर फक्त वरच्या पट्टीतील ध्वनी शोषते आणि खालचे तसेच सोडते. परिणामी आवाज स्वच्छ होण्याऐवजी मंद आणि कोंदट होतो. रजई भिंतीला चिकटवून न टांगता दहा-पंधरा सेंटिमीटर पुढे टांगली, तर त्याच रजईचा परिणाम आणखी खालच्या पट्टीपर्यंत पोहोचतो. यासाठी जागेव्यतिरिक्त काहीही खर्च होत नाही.

टेबलाकडे मात्र जवळजवळ कोणाचेच लक्ष जात नाही. समजा, तोंड आणि माइक दोन्ही टेबलाच्या पृष्ठभागापासून २५ सेंटिमीटर उंच आहेत आणि त्यांच्यात २० सेंटिमीटर अंतर आहे. तोंडातून निघालेला आवाज माइकपर्यंत सरळ २० सेंटिमीटर जातो, पण टेबलावर आपटून येणाऱ्या आवाजाला सुमारे ५४ सेंटिमीटर प्रवास करावा लागतो. हा ३४ सेंटिमीटरचा फरक म्हणजे एक सहस्रांश सेकंदाचा उशीर, आणि तेवढ्या उशिरामुळे ५००, १,५००, २,५०० हर्ट्झ अशा ठिकाणी दोन्ही ध्वनी एकमेकांना कापतात. ऐकणाऱ्याला हा प्रतिध्वनी म्हणून जाणवत नाही. आवाज डब्यातून आल्यासारखा एवढेच वाटते. टेबलावर जाड टॉवेलाच्या दोन-तीन घड्या पसराव्यात, लॅपटॉपचा चकचकीत पडदा थोडा तिरपा करावा, किंवा सरळ टेबल बाजूला सारून माइक जमिनीवरच्या स्टँडवर घ्यावा.

अंतर आणि कोन

या लेखातील एकच गोष्ट अमलात आणायची असेल, तर ती ही आणावी : माइकच्या जवळ या. अंतर निम्मे केले की माइकपर्यंत थेट पोहोचणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो, पण खोलीचा घुमारा जवळपास तेवढाच राहतो. म्हणजे ६० सेंटिमीटरवरून ३० वर आणि ३० वरून १५ वर आलो, तर खोलीच्या तुलनेत आपला आवाज १२ डेसिबलने वर येतो. एवढी सुधारणा खोलीत सामान भरून मिळवायची तर बरीच यातायात करावी लागेल.

मोजपट्टीची गरज नाही. हाताची वीत अंगठ्यापासून करंगळीपर्यंत ताणून माइक आणि ओठ यांच्यामध्ये धरावी. कंडेन्सर म्हणजे जास्त संवेदनशील जातीच्या माइकसाठी एवढे अंतर योग्य असते. डायनॅमिक म्हणजे कमी संवेदनशील जातीच्या माइकसाठी चार बोटे पुरेत. त्याहून जवळ गेल्यास दिशा पाळणाऱ्या माइकमध्ये खर्ज फुगतो. रेडिओवरच्या निवेदकांचा भारदस्त आवाज काही अंशी याच परिणामाची देणगी असतो, पण घरी तो बेताने वापरावा, कारण मान थोडी मागे-पुढे झाली तरी आवाजाचा पोत बदलतो.

जवळ आल्यावर नवा प्रश्न उभा राहतो तो श्वासाच्या फटकाऱ्याचा. प, ब, फ, भ या अक्षरांना तोंडातून हवेचा झोत बाहेर पडतो आणि तो थेट माइकवर आदळला की ‘धप्प’ असा आवाज उमटतो. तळहात तोंडासमोर धरून ‘भरभर फिरणारा भोवरा’ असे म्हणून पाहावे, झोत कुठे लागतो ते कळते. उपाय असा की माइक तोंडाच्या अगदी समोर न ठेवता ओठांच्या कोपऱ्याच्या बाजूला, साधारण ३० ते ४५ अंशांवर ठेवावा आणि त्याचे तोंड आपल्या ओठांकडे वळवावे. झोत सरळ निघून जातो, आवाज मात्र पोहोचतो. जोडीला पॉप फिल्टर असावा. भरतकामाच्या गोल चौकटीवर पातळ नायलॉनचा मोजा ताणून बसवला तरी तो तयार होतो. तो माइकपासून पाच-सात सेंटिमीटर पुढे असला पाहिजे, चिकटलेला नको.

आणखी एक युक्ती : हृदयाकृती म्हणजे कार्डिऑइड पद्धतीचा माइक अगदी पाठीमागून येणारा आवाज सर्वांत कमी ऐकतो. लॅपटॉपचा पंखा किंवा रस्त्याकडची खिडकी टाळता येत नसेल, तर माइकची पाठ नेमकी तिकडे करावी.

उपकरणे

सुरुवात हातातल्या मोबाइलपासूनच करावी. वर सांगितलेली तयारी केलेल्या खोलीत, वीतभर अंतरावरून मोबाइलवर केलेले ध्वनिमुद्रण हे उघड्या खोलीत दोन हात अंतरावर ठेवलेल्या महागड्या माइकपेक्षा सरस ठरते. मोबाइलचा मुख्य माइक बहुधा खालच्या कडेला असतो. ध्वनिमुद्रण सुरू करून कडेवरून बोट हळूच फिरवले की तो नेमका कुठे आहे ते कळते. मोबाइल हातात न धरता घडी केलेल्या कापडावर किंवा स्टँडवर ठेवावा, विमान मोड सुरू करावा, आणि ॲपमध्ये वेव्ह किंवा लॉसलेस (आवाजातले काहीही न गाळता साठवणारा) पर्याय असेल तर तो निवडावा.

पहिला खर्च करायचा असेल तर तो वायर असलेल्या कॉलर माइकवर करावा. तो छातीवर, हनुवटीपासून वीतभर खाली लावला की डोके हलले तरी अंतर फारसे बदलत नाही. हा माइक बहुधा चारही दिशांनी ऐकणारा असतो, म्हणून खोली मऊ असणे इथे अधिक महत्त्वाचे ठरते. विकत घेताना त्याची पिन आपल्या उपकरणाला जुळते का हे पाहावे : गोल हेडफोन जॅक असलेल्या मोबाइलसाठी तीन काळ्या पट्ट्यांची पिन लागते, कॅमेऱ्यासाठी दोन पट्ट्यांची, आणि चुकीची जोडल्यास आवाजच येत नाही किंवा फार क्षीण येतो.

पुढचा टप्पा म्हणजे यूएसबी माइक. एकट्याने निवेदन, अध्यापन किंवा पुस्तकवाचन करणाऱ्याला याच्या पुढे जाण्याची गरज क्वचितच पडते. इथे ‘डायनॅमिक की कंडेन्सर’ हा वाद निघतोच. कंडेन्सर माइक खोली जास्त ऐकतो असे सर्रास म्हटले जाते. खरे तर दोन्हींची दिशा सारखी असेल आणि अंतरही सारखे ठेवले, तर खोली आणि आवाज यांचे प्रमाण जवळपास तेच येते. डायनॅमिक माइक कमी संवेदनशील असल्यामुळे माणूस आपोआप त्याच्या जवळ जातो, आणि श्रेय माइकला मिळते. तरीही जवळ जाण्याची ही सक्ती नवशिक्यांच्या फायद्याची आहे, म्हणून गोंगाटाच्या घरात मी डायनॅमिकच सुचवेन. एक्सएलआर (तीन टोकांच्या व्यावसायिक जोडणीचा) माइक आणि तो संगणकाला जोडणारी स्वतंत्र पेटी म्हणजे ऑडिओ इंटरफेस यांचा विचार दोन किंवा अधिक माणसे एकाच वेळी बोलणार असतील तेव्हा करावा. त्यात कंडेन्सर माइक असेल तर त्याला ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा (माइकच्याच तारेतून मिळणारी वीज) लागतो, हे लक्षात ठेवावे.

ब्लूटूथ हेडसेटने मात्र ध्वनिमुद्रण करू नये. त्याचा माइक सुरू होताच बहुतेक हेडसेट दूरध्वनीच्या पद्धतीत जातात आणि सॅम्पल रेट (दर सेकंदाला टिपल्या जाणाऱ्या आवाजाच्या नमुन्यांची संख्या) ८ किंवा १६ किलोहर्ट्झवर घसरतो, त्यामुळे स, श, च यांची धार निघून जाते. ऐकण्यासाठी कान झाकणारा, वायरचा साधा हेडफोन घ्यावा. उघड्या हेडफोनमधून गळणारा आवाज माइकमध्ये परत शिरतो.

पातळी ठरवणे

सॉफ्टवेअरसाठी खर्च करण्याचे कारण नाही. २००० सालापासून विनामूल्य मिळणारे ऑडासिटी या कामाला पुरून उरते. प्रकल्प मोनो, ४८ किंवा ४४.१ किलोहर्ट्झ आणि २४ बिट असा निश्चित करावा. एका तोंडाला दोन वाहिन्यांची गरज नसते. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो या मापाने एका तासाची वेव्ह फाइल सुमारे ५२० मेगाबाइटची होते, तेवढी जागा मोकळी ठेवावी. संगणकाच्या ध्वनी सेटिंगमधील आपोआप पातळी वाढवणारी आणि गोंगाट दाबणारी सोय बंद करावी. ती विरामात पार्श्वभूमी वर खेचते आणि शब्द सुरू झाला की खाली ढकलते.

आता मजकुरातील सर्वांत जोरकस उतारा, प्रत्यक्ष वाचणार तेवढ्याच जोमाने वाचावा आणि गेन (माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते ठरवणारे बटण) अशा बेताने ठेवावा की मीटरची टोके उणे १२ डेसिबलच्या आसपास राहतील, एखादे टोक उणे ६ पर्यंत गेले तरी चालेल. नुसते ‘हॅलो, एक, दोन, तीन’ म्हणून पातळी ठरवू नये, कारण तसे आपण प्रत्यक्षात कधीच बोलत नाही. शून्यावर आदळलेला आवाज कापला जातो आणि तो पूर्ववत करता येत नाही. कमी पातळीवर घेतलेला आवाज मात्र नंतर वाढवता येतो. २४ बिटमध्ये त्यासाठी भरपूर मोकळीक असते.

प्रत्यक्ष बोलताना

बोलण्यापूर्वी अर्धा मिनिट गप्प बसून फक्त खोलीची शांतता टिपावी. पुढे गोंगाट कमी करताना आणि कापलेल्या जागा भरताना हाच तुकडा उपयोगी पडतो. पाणी थोडे-थोडे पीत राहावे, कोरड्या तोंडातून येणारा चिकट टिचटिच आवाज माइक अचूक पकडतो. कागदाची पाने उलटण्याऐवजी मजकूर पडद्यावर, डोळ्यांच्या उंचीवर ठेवावा. मान खाली गेली की आवाज घशात दबतो आणि माइकपासूनही दूर जातो.

चूक झाली तर ध्वनिमुद्रण थांबवू नये. क्षणभर थांबून एक टाळी वाजवावी आणि ते वाक्य पहिल्या शब्दापासून पुन्हा म्हणावे. टाळीचा उंच सुळका नंतर आलेखात लांबूनच दिसतो आणि कापण्याच्या जागा शोधत बसावे लागत नाही. चुकलेल्या शब्दापासून पुढे सुरू केले तर सांधा जुळत नाही, कारण वाक्याच्या मध्यात आवाजाची उंची आणि श्वास दोन्ही वेगळे असतात. दर वीस-पंचवीस मिनिटांनी उठावे. थकलेला आवाज संपादनात ताजा होत नाही.

संपादन

मूळ फाइल बाजूला ठेवून प्रतीवरच काम करावे आणि क्रम पाळावा. आधी चुका व नको असलेले विराम कापावेत. मग सुमारे ८० हर्ट्झच्या खालचा भाग हाय-पास फिल्टरने काढावा. टेबलाचे धक्के आणि रहदारीची घरघर तिथे असते, बोलणे जवळजवळ नसते. त्यानंतर सुरुवातीच्या शांत तुकड्याचा नमुना देऊन गोंगाट कमी करावा, पण ६ ते १० डेसिबलवर थांबावे. आणखी दाबल्यास शब्दांच्या शेपटांवर पाण्याखालून आल्यासारखी किणकिण येते, आणि ती मूळच्या घुमघुमीपेक्षा जास्त खटकते. गोंगाट कॉम्प्रेसरच्या (मोठ्या आणि हळू आवाजातला फरक कमी करणाऱ्या सोयीच्या) आधीच काढायचा, कारण कॉम्प्रेसर हळू आवाज वर आणताना गोंगाटही वर आणतो.

कॉम्प्रेसर २:१ किंवा ३:१ या सौम्य प्रमाणात लावावा. स आणि श टोचत असतील तर ५ ते ८ किलोहर्ट्झच्या दरम्यान डी-एसर थोडासाच वापरावा, नाहीतर बोलणारा बोबडा वाटू लागतो. श्वास सरसकट पुसू नयेत. श्वासाविना बोलणारा माणूस ऐकणाऱ्याला नकळत अस्वस्थ करतो. फार मोठे श्वास तेवढे ८-१० डेसिबलने उतरवावेत.

शेवटी एकूण पातळी. पॉडकास्टसाठी स्टिरिओ फाइलला उणे १६ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचे माप) हे सर्वसाधारणपणे धरले जाणारे लक्ष्य आहे, आणि टोके उणे १ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नयेत. ध्वनिपुस्तकांसाठी एसीएक्स या सेवेचे निकष वेगळे आहेत : सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८ डेसिबल आरएमएस, टोके उणे ३ च्या खाली आणि पार्श्वभूमीचा गोंगाट उणे ६० च्या खाली. पुस्तकवाचन करायचे नसले तरी यातला शेवटचा आकडा स्वतःच्या खोलीची परीक्षा म्हणून वापरण्याजोगा आहे. तयार फाइल मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर, हेडफोनवर आणि जमल्यास गाडीत ऐकावी, कारण ऐकणारे तिथेच ऐकतात.

काम संपवून आवरण्याआधी स्टँडच्या पायांखाली चिकटपट्टीच्या खुणा कराव्यात आणि गेनच्या बटणाची जागा, माइकचे अंतर, रजया कुठे टांगल्या होत्या हे सर्व लिहून ठेवून मोबाइलने एक छायाचित्र घ्यावे. पुढच्या आठवड्यात एखादे वाक्य पुन्हा म्हणायची वेळ आली, तर ते जुन्या ध्वनिमुद्रणात बेमालूम बसवण्यासाठी हीच टिपणे लागतात.